अभ्रक कुठल्या कुशीवर झोपतो

लोखंडी कपाटाची किल्ली माझ्या कमरेला होती. करदोट्यात ओवलेली. आंघोळीलाही मी ती काढत नसे. त्या कपाटात परीक्षेचे दगड होते, आणि ते कपाट माझ्या मुलाने उघडलं असं मी चारचौघांत म्हणालो. म्हणताना मला माहीत होतं की त्याने ते उघडलेलं नाही. माझा गैरसमज झाला नव्हता. रागाच्या भरात तोंडून निघून गेलं असंही नाही. विचार करायला जेवढा वेळ लागतो तेवढा मला मिळाला होता, आणि विचार करूनच मी खोटं बोललो.

हे आधी सांगून टाकतो, कारण पुढे वाचताना मध्येच कुणाला माझी कीव यायची. ती येऊ नये.

बेळगावातल्या एका कॉलेजात मी भूगर्भशास्त्र शिकवतो. मूळ घर उचगावचं, शेतीवालं. शिकून नोकरीला लागलेला घरातला पहिला मी. आमच्याकडे वर्गात शिकवणं इंग्रजीत, समजावणं मराठीत आणि मागच्या बाकांना दम देणं कन्नडात, अशी वाटणी असते. माझा हातखंडा धडा एकच होता: दाबाखाली सापडलेल्या दगडात अभ्रकाची पाती एका दिशेला कशी लागतात.

पाण्याच्या तळाशी चिखल बसतो, मध्येच वाळू बसते, पुन्हा चिखल. असे थर साचतात. मग ते खोल गाडले जातात, तापतात, जमिनीच्या हालचालीत दोन बाजूंनी आवळले जातात. त्या चिखलाचा अभ्रक होतो. अभ्रक म्हणजे कागदासारखं पातं. ज्या बाजूने दाब येतो तिकडे ते आपलं सपाट अंग करतं. अशी असंख्य पाती एकाच कुशीवर झोपली की दगड पत्र्यासारखा सुटायला लागतो, आणि उन्हात थोडा फिरवला की सगळा एकदम चमकतो.

मुलांना हे नुसतं सांगून पटत नाही. म्हणून मी पोह्यांचा प्रयोग करून दाखवतो. घट्ट कणकेत जाडे पोहे कसेही मिसळायचे, गोळा दोन फळ्यांमध्ये धरून आवळायचा आणि दोऱ्याने कापायचा. कापलेल्या तोंडावर पोह्यांच्या कडा रेघा ओढल्यासारख्या एका दिशेने लागलेल्या दिसतात. त्या दोन फळ्या मी खडेबाजारातल्या एका सुताराकडून मुद्दाम करून घेतल्या होत्या. पण हा प्रयोग पहिल्यांदा झाला तो आमच्या स्वयंपाकघरात, पोळपाट उलटा घालून. मुलगा तेव्हा लहान होता, ओट्यावर चढून बसला होता. कापलेला गोळा बघून त्याने विचारलं, "आप्पा, पोह्यांना कोण सांगतंय कुठल्या कुशीवर झोपायचं ते?"

मी हसलो, त्याच्या आईला हाक मारून सांगितलं. पुढल्या वर्षापासून तोच प्रश्न मी वर्गात विचारायला लागलो, स्वतःचा म्हणून. मुलं खूश व्हायची. पुढे चोरीचा विषय निघणारच आहे, तर ही पहिली चोरी, आणि ती माझी.

प्रश्नाचं उत्तर अर्धंच सोपं आहे. काही पाती फिरतात. ज्यांना फिरता येत नाही ती दाबाच्या तोंडाशी विरघळतात, आणि त्यांचा माल जिकडे दाब कमी तिकडे जाऊन नव्याने पातं होऊन वाढतो. पोहे विरघळत नाहीत, त्यामुळे हा भाग मी घाईने उरकत असे.

दगडांचं वेड मुलाला माझ्यामुळेच लागलं. खानापूरच्या पुढे जंगलात एक ओढा आहे, तिथे दर वर्षी मी वर्ग घेऊन जायचो. शाळेत असल्यापासून तो माझ्याबरोबर यायचा, चड्डीचे दोन्ही खिसे चमकत्या तुकड्यांनी भरून परतायचा. खिशांना भोकं पडली म्हणून आई ओरडायची. बारावीनंतर त्याला दुसरीकडे प्रवेश मिळत होता. त्याने माझंच कॉलेज आणि माझाच विषय घेतला. मला अभिमान वाटायला हवा होता. मला वाटली ती भीती.

कारण स्टाफरूममध्ये पहिल्याच दिवशी एकाने चहाचा कप खाली ठेवत म्हटलं, "काय सर, आता पेपर घरीच काढायचा, घरीच सोडवायचा, घरीच तपासायचा!"

सगळे हसले. मीही हसलो. संध्याकाळी घरी जाऊन मुलाला समोर उभं केलं. "कॉलेजात मी तुझा बाप न्हाय. सर म्हणायचं. आणि माझ्याकडनं काय मिळंल अशी आशा ठेवायची न्हाय."

"व्हय आप्पा," तो म्हणाला.

"काय?"

"व्हय सर." आणि तो हसला. त्याला गंमत वाटली होती.

पक्षपात दिसू नये म्हणून मी जे केलं त्याला नि:पक्षपातीपणा म्हणत नाहीत. त्याचा हात वर असला तरी मी दुसऱ्याला विचारायचो. त्याचं उत्तर बरोबर आलं की पुढचा प्रश्न अवघड करायचो, आणि चुकेपर्यंत थांबायचो नाही. चुकला की वर्गाकडे वळून म्हणायचो, "घरात दिवा असून अंधार." वर्ग हसायचा. वर्गाला हसायला आवडतं आणि मला हसवायला. वहीत मी त्याला इतरांपेक्षा कमीच गुण द्यायचो. त्याची आई एकदा म्हणाली, "दुसऱ्याच्या पोराला एवढं बोलला असता तर त्यानं कवाच तक्रार केली असती." मी म्हणालो, "म्हणूनच आपल्याला बोलतोय." मला हे उत्तर तेव्हा फार चांगलं वाटलं होतं.

त्याने कधी तोंड वर करून उत्तर दिलं नाही. शेवटच्या वर्षात आला तेव्हा विषयातला सगळ्यात हुशार मुलगा तोच होता, आणि हे मी सोडून सगळे मोठ्याने म्हणत होते.

त्या वर्षी प्रात्यक्षिक परीक्षेचे दगड आमच्या विभागप्रमुखांनी निवडले. ते धारवाडकडचे, माणूस शांत, मराठी समजून घेऊन मोडकंतोडकं बोलणारे. दगडांना नंबर चिकटवायचं काम माझ्याकडे आलं. प्रयोगशाळेत रंगकाम चाललं होतं म्हणून मी तो डबा घरी आणला आणि कपाटात ठेवून कुलूप लावलं. डबा घरी आणायला नको होता. पण तेवढीच चूक असती तर हे लिहायची वेळ आली नसती.

परीक्षेआधी वर्गाची सहल त्या ओढ्यावर गेली. विभागप्रमुखही आले होते. ओढ्याच्या अलीकडच्या काठावर उघडा खडक आहे, बसायला सावली आहे, तिथेच मी दर वर्षी मुलांना उभं करून सांगायचो: हे बघा थर, हे बघा अभ्रक, दोन्ही एकाच दिशेला. वरच्या थरांचा भार पडला आणि अभ्रक थराच्या बाजूनेच झोपला. पाठ करा.

हे खरं नव्हतं. त्या एका जागी तसं दिसतं एवढंच. पुढे ओढा वळतो तिथे पाण्यात उतरून पाहिलं तर थर कमानीसारखे वाकलेले आहेत आणि अभ्रकाची पाती त्या कमानीतून सरळ आरपार गेली आहेत. म्हणजे पाती थरांच्या शिस्तीत झोपलेली नाहीत. दाब नंतर, आडव्या बाजूने आला आणि त्याने आपली शिस्त लावली. विद्यार्थी असताना मी स्वतः ते पाहिलं होतं. पण वळणापर्यंत जायचं म्हणजे बूट काढायचे, गुडघाभर पाण्यात उतरायचं, जळवा सोडवत बसायचं. पहिल्या वर्षी कंटाळा केला. मग तेच सोपं वाक्य तोंडात बसलं आणि दर वर्षी मी ते शिकवत गेलो.

माझं सांगून होत होतं तेवढ्यात वळणाकडून हाक आली.

"सर! हिकडं या की जरा!"

तो पँट वर दुमडून पाण्यात उभा होता. त्याच्या चेहऱ्यावर ओट्यावर बसलेलं ते लहान पोरच होतं.

"बाहेर ये पाण्यातनं," मी ओरडलो.

"न्हाय सर, बघा तर. हितं वाळूचा पट्टा कमानीगत वळलाय. अभ्रक त्येच्यातनं सरळ गेलाय, आरपार. थराकडं बघून चालत न्हाय, चकाकी कुठं जातीया ते बघाय पायजे. दाब वरनं आलाच न्हवता सर, बाजूनं आलता!"

मुलं धावली. बूट हातात घेऊन सगळी पाण्यात उतरली. एक जण माझ्याकडे वळून म्हणाला, "सर, तुम्ही तर आत्ता थराच्या बाजूनंच म्हणालतासा." कुणीतरी हसलं. त्या वर्गाला हसायला मीच शिकवलं होतं.

विभागप्रमुखही चपला काढून गेले. वाकून त्यांनी खडकावरून हात फिरवला, मुलाला दोन प्रश्न विचारले, त्याची दोन उत्तरं ऐकली. मग माझ्याजवळ आले आणि हळू आवाजात म्हणाले, "सर, डब्यातला आपला एक दगड इथलाच की. हेच विचारलंय मी. ह्याला हेंग... कसं कळलं?"

त्यांच्या डोळ्यांत आरोप नव्हता, नुसता प्रश्न होता. एक मुलगी दगडावर बसून बुटातलं पाणी ओतत होती. मी तिच्याकडे बघत विचार केला. त्याने आत्ता डोळ्यांनी बघितलं असं म्हटलं, तर मग तुम्ही इतकी वर्षं काय शिकवलंत हा प्रश्न येणार. गप्प राहिलं, तर मीच घरी सांगितलं असा अर्थ होणार. तिसरी वाट एकच होती आणि ती गुडघाभर पाण्यात उभी होती.

"डबा घरी आहे," मी म्हणालो. "कपाटाची किल्ली कुठं असते ते त्याला माहीत आहे."

यातला शब्दन् शब्द खरा होता. त्यामुळे ते म्हणणं सोपं गेलं.

"म्हणजे?"

"म्हणजे त्यानं उघडलं असणार." आणि मग, सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने, मी त्याच्याकडे बघून म्हणालो, "हे तुझ्या डोक्यातलं न्हाय. माझं कपाट उघडून परीक्षेचा दगड बघितलास आणि हितं शहाणपण दाखवालास. घरात चोर पोसलाय मी."

त्याने माझ्या तोंडाकडे पाहिलं नाही. त्याने माझ्या कमरेकडे पाहिलं. शर्टाखाली किल्ली होती ते त्याला माहीत होतं, आणि त्याला माहीत आहे हे मलाही माहीत होतं. त्याने तिथे, सगळ्यांसमोर, ‘सर, शर्ट वर करा’ म्हटलं असतं तर प्रकरण संपलं असतं. तो काही बोलला नाही. बापाला उघडं पाडायचं नाही, एवढा एकच संस्कार आम्ही त्याच्यावर नीट केला होता.

परतताना बसमध्ये मागून आवाज येत होते. "ए दगडचोर, माझ्या बॅगंकडं बघू नगं रं." "अरं, त्येच्याशेजारी बसू नका, खिसं तपासा." मी पुढच्या सीटवर होतो. मागे वळून एक शब्द बोललो असतो तरी ते थांबले असते. मी खिडकीबाहेर बघत राहिलो.

दुसऱ्या दिवशी विभागप्रमुखांनी मला बोलावून सांगितलं की डब्यातले सगळे दगड बदलू, मुलाला परीक्षेला बसू देऊ, पोरवय आहे, विषय इथेच संपवू. मला सुटायला एवढी सरळ वाट परत कधी मिळणार नव्हती. मी म्हणालो, "न्हाय सर. दुसऱ्याचा मुलगा असता तर आपण बसू दिलं असतं काय? ह्या वर्षी त्याला बसवायचं न्हाय." मग त्यांनी माझा हात हातात घेतला. स्टाफरूममध्ये ती बातमी माझ्याआधी पोचली होती. पहिल्या दिवशी चहाचा कप ठेवून टोमणा मारणारे तेच गृहस्थ उठून म्हणाले, "सर, ह्याला छाती लागते." मला तो शब्द आवडला. पोराचं वर्ष घालवून मिळालेला शब्द, आणि मी तो घेऊन दिवसभर फिरलो.

घरी त्याच्या आईने मला जेवायला वाढलं आणि समोर बसून विचारलं, "किल्ली तर तुमच्या कमरंला असतिया. आंघोळीलासुदिक सोडत न्हाय तुम्ही. मग त्येनं उघाडलं कसं?"

मुलगा दाराशी उभा होता. तो आईसाठी थांबला नव्हता, माझ्यासाठी थांबला होता. घरात बाहेरचं कुणी नव्हतं. एवढ्या एका जागी तरी मी खरं बोलेन असं त्याला वाटलं असावं.

"गप बस," मी तिला म्हणालो. "तुला त्यातलं काय कळतंय?"

ती गप्प बसली. गावाकडून भाऊ आला, तोही काही बोलला नाही. शेजारी, पाहुणे, जे कुणी दाराशी आले ते माझा चेहरा बघून गप्प झाले. दगडात सगळी पाती अशी एका कुशीवर लागायला किती काळ लागतो ते मी मुलांना सांगत असतो. घरात एक संध्याकाळ पुरली.

त्याच संध्याकाळी मुलाने माझं ताट उचललं, मोरीत ठेवलं आणि जाता जाता म्हणाला, "बरं सर."

त्यानंतर त्याने मला आप्पा म्हटलं नाही. ‘सर, पाणी तापलंय.’ ‘सर, तुमचा फोन आलता.’ घरात, आईसमोर, सणाच्या दिवशी पाया पडतानाही सर. मी शिकवलेलं त्याने पक्कं पाठ केलं होतं. थोड्याच दिवसांत तो निपाणीला मामाकडे गेला. हायवेला लागून मामाचं फरशीच्या दगडांचं दुकान आहे, ग्रॅनाइट, कडप्पा, शहाबादी. परीक्षेला तो पुढच्या वर्षीही बसला नाही. कॉलेजाने फॉर्म भरायला सांगितलं होतं, त्याच्या आईने हात जोडले होते. तो तिला म्हणाला, "आई, त्या वर्गात जाऊन बसायचं म्हंजे दगडचोर म्हणूनच बसायचं की. मला नगं."

त्याला पाहिजे होती ती पदवी नव्हती. त्याने चोरी केली नाही, एवढं ज्याने सांगायला हवं त्याने सांगावं, एवढंच हवं होतं. आई निपाणीला जाऊन यायची आणि दर वेळी तेवढंच माझ्या कानावर घालायची. मी म्हणायचो, बघू.

बघू म्हणत वर्षं गेली. त्याचं लग्न झालं तेव्हा पत्रिकेत माझं नाव होतं, मांडवात मी होतो, परक्या पाहुण्यासारखा कोपऱ्यात. आणि मी पोह्यांचा प्रयोग चालूच ठेवला होता. दर वर्षी तोच प्रश्न विचारत होतो, पोह्यांना कोण सांगतं, आणि दर वर्षी नवी मुलं खूश होत होती. ओढ्यावर मात्र मी आता वर्गाला वळणापर्यंत न्यायला लागलो होतो. बूट काढायचो, पाण्यात उतरायचो आणि कमान दाखवून म्हणायचो, थराकडे बघू नका, चकाकी कुठे जाते ते बघा. हे कुणाचं वाक्य आहे ते सांगत नव्हतो.

मग विभागप्रमुख निवृत्त झाले. निरोपाच्या कार्यक्रमाला सहकुटुंब यायचं होतं. मुलाची आई चांगलं लुगडं नेसून पहिल्या रांगेत बसली. भाषणाच्या शेवटी त्यांनी माझं नाव घेतलं आणि ओढ्यावरची ती गोष्ट सगळ्या हॉलला सांगितली. मुलाचं नाव घेतलं नाही, चांगला माणूस. पण म्हणाले, "पोटच्या पोराची चोरीसुद्धा ह्यांनी लपवली नाही. असा शिक्षक मी दुसरा पाहिला नाही." मला व्यासपीठावर बोलावून शाल घातली. टाळ्या वाजल्या. मी खाली पाहिलं तर तीही टाळ्या वाजवत होती. माझ्याकडे बघत, सावकाश, सगळ्यांच्या टाळ्या थांबल्यावरही थोडा वेळ.

घरी येताना रिक्षात ती म्हणाली, "ती शाल निपाणीला न्हेऊन द्या. त्येच्यामुळंच मिळालीया."

विभागप्रमुख मुलीकडे राहायला निघाले होते. त्यांना सांबऱ्याला विमानतळावर सोडायला मी गेलो, आणि गाडी उभी करून त्यांना सगळं सांगितलं. किल्ली, ओढा, मी शिकवत आलेलं चुकीचं वाक्य, सगळं.

"इतकी वर्षं झाली सर," ते म्हणाले. "आता कुणाला आठवतंय?"

"तुम्ही परवा हॉलभर माणसांना सांगितलंत."

"ते भाषण होतं हो." मग बॅग उचलत म्हणाले, "मला ठाऊक होतं म्हणा. तुमचा मुलगा पाण्यात बोलला ना, ते पाठ केलेलं नव्हतं. पण बापच म्हणाला उघडलं, तर मी काय करू?" आणि ते आत गेले.

म्हणजे त्यांनाही माहीत होतं. त्याच्या आईला माहीत होतं, मामाला माहीत होतं, कदाचित मागच्या सीटवरच्या त्या पोरांनाही. सगळ्यांना माहीत होतं आणि सगळे माझ्या बाजूने लागले होते. मी दाब दिला एवढंच. ज्याला फिरता आलं नाही तो तिथून नाहीसा झाला.

मी गाडी तशीच निपाणीकडे काढली.

दुकानात गर्दी होती. एक नवरा-बायको नव्या घराच्या भिंतीला लावायला दगड बघत होते, दोन हमाल फरशा उतरवत होते. मामा टेबलाशी बसला होता. मला बघून तो उठला नाही.

"या दाजी. आज वाट चुकला काय?" मग हमालांकडे बघून मोठ्याने म्हणाला, "चा सांगा रं पाव्हण्यांस्नी. आणि दाजी, भिऊ नगा, आमच्या गल्ल्याची किल्ली पोराकडंच असतिया. आजवर काय गेलं न्हाय."

हमाल हसले. मी हसण्याच्या लायकीचा नव्हतो, उभा राहिलो.

मुलगा त्या गिऱ्हाइकांना दगड दाखवत होता. करडा, चमकणारा, अभ्रकाचा. त्याने मला पाहिलं, मान हलवली आणि बोलत राहिला. त्यातल्या बाईने दगडावरच्या एका पिवळट पट्ट्यावर बोट ठेवून विचारलं, "ह्या रेघेवर फुटतोय काय हो हा?"

"न्हाय आक्का. ती रेघ जुन्या थराची. थराकडं बघून चालत न्हाय. उन्हात धरा, चकाकी कुठं जातीया ते बघा. दगड त्या बाजूनं सुटतोय."

त्याने छिन्नी लावून हलकासा घाव घातला. पत्रा सरळ सुटला. पिवळा पट्टा मधोमध कापला गेला. आतलं तोंड उन्हात असं चमकलं की बाई ‘अगं बाई’ म्हणाली.

मग तो माझ्याकडे आला. हात फडक्याला पुसत म्हणाला, "बोला सर, काय दाखवू? पायरीला पायजे का ओट्याला?"

"तुझ्याशी बोलायचंय."

"गिऱ्हाईक हाय सर. आत बसा, नंतर बोलू."

"आत नको. हितंच."

"माणसं हाईत सर," तो खालच्या आवाजात म्हणाला. इतक्या वर्षांनंतरही तो मलाच झाकत होता.

"तिथंबी हुती."

तो थांबला. मामाने पेन खाली ठेवलं. हमाल फरशी हातात धरून तसेच उभे राहिले. मी शर्ट वर केला, करदोट्यातली किल्ली सोडवायला गेलो, गाठ सुटेना. शेवटी करदोटा तोडला आणि किल्ली त्या फुटलेल्या दगडावर ठेवली. त्या नवरा-बायकोला काही कळत नव्हतं. त्यांना कळावं म्हणून मी सुरुवातीपासून सांगितलं, ओढा, डबा, कपाट. मुलगा किल्लीकडे बघत होता, माझ्याकडे नाही.

मग मी त्याला म्हणालो, "ही त्या दिवशी माझ्या कमरेला हुती. तू कपाट उघडलं न्हवतंस आणि मला ते तवाच माहीत हुतं. तू डोळ्यांनी बघितलंस ते बरोबर हुतं, मी शिकवत हुतो ते चूक हुतं. माझं नाव राखायला मी तुला चोर केलं, मग तुझं वर्ष घालवलं, आणि त्याबद्दल शाल घेतली. वर्गात हे सगळं सांगणार हाय, पण आधी तुला सांगायला आलोय. तू चोर न्हाईस. मी खोटं बोललो. मला माफ कर."